जावयाचा मध

मुकादमाच्या पापणीला मधमाशी चावली आणि घरात उरलंसुरलं जे काही बरं चाललं होतं तेही संपलं.

तो सकाळी परसात दात घासत उभा होता. हा मुकादम जन्मभर दगडाच्या खाणीवर माणसं राबवून घरी बसलेला. खाण सुटली, पण हुकूम सोडायची सवय सुटली नाही. आता हुकूम झेलायला बायको होती, मुलगी होती आणि मुलीचा नवरा होता. त्यातही मुलीचा नवरा म्हणजे हक्काचा गडी, कारण तो याच घरात, मागच्या खोलीत राहत होता.

"जावईबापू!" मुकादम डोळ्यावर तळहात दाबून ओरडला. "बाहेर या! तुमच्या लेकरांचे प्रताप बघा!"

जावई बाहेर आला. गल्लीत त्याला सगळे जावईच म्हणत. घरजावई म्हणून राहिलेल्या माणसाचं नाव पहिल्या वर्षातच झिजून जातं. तो सुतार होता, आणि चांगला सुतार होता. लाकडाच्या वखारीतल्या करवतीनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली तेव्हा बायको म्हणाली होती, हात बरा होईपर्यंत माझ्या माहेरी राहू. हात जितका बरा व्हायचा तितका झाला, आणि तीन वर्षं झाली तरी राहणं काही संपलं नाही. मुकादम त्याला चार लोकांत 'तुम्ही' म्हणायचा आणि घरात 'तू'. त्यातलं 'तुम्ही' जास्त झोंबायचं.

"आबा, हात काढा. काटा नखानं खरवडून काढला पाहिजे, नाहीतर सूज वाढेल."

"लांब राहा. तीन बोटांनी डोळाच बाहेर काढशील."

भिंतीपलीकडून शेजारणीचं डोकं वर आलं. तिला असल्या वेळी कुणी बोलवावं लागत नसे. "माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर रोज बसतात मेल्या. मी म्हटलं, जाऊ दे, जावयाचा छंद आहे, आपण कशाला बोला."

"छंद!" मुकादमाला शब्द सापडला. "बरोबर बोललीस. दुसऱ्याच्या भाकरीवर जगणाऱ्यालाच छंद परवडतात."

परसाच्या कडेला विटांवर दोन लाकडी पेट्या होत्या. एका फळबागेत दार बसवायला गेला असताना जावयानं तसली पेटी पाहिली होती, आणि नजरेत भरून घेऊन घरी दोन बनवल्या होत्या. खालची कोठी पिल्लांची, वरची मधाची, आत ओळीनं लाकडी चौकटी. एक मोहोळ पडक्या विहिरीच्या कपारीतून आणलं, एक झाडाच्या ढोलीतून. वर्ष होत आलं होतं. झाकण किलकिलं करून तो आत बघायचा आणि पुन्हा ठेवायचा. चौकट अजून एकही उचलली नव्हती. माशा चिडतील, घरातले त्याहून चिडतील, या धाकानं.

"उद्या पेट्या उघडायच्या," मुकादम शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. "मध निघाला तर पेट्या राहतील. नाही निघाला तर पेट्या चुलीत आणि तू वखारीत. मालकाशी मी बोलतोच आहे."

वखार म्हटल्यावर जावयाला तिचं फाटक आठवलं. हात बरा झाल्यावर एकदा तो त्या फाटकापर्यंत गेला होता. करवत चालू होती. तिचा आवाज कानात न जाता सरळ तुटलेल्या बोटांच्या मुळाशी गेला, आणि तो तिथंच रस्त्याच्या कडेला ओकला. हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं.

"उद्या उघडतो," तो म्हणाला.

तसंही उघडायलाच हवं होतं. रानातली फुलं यंदा लवकर करपली होती आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. एकदा पाऊस लागला की माशा साठवलेला मध स्वतःच खाऊन टाकणार.

संध्याकाळी तो पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडत बसला. यात पोत्याचे तुकडे पेटवून धूर करायचा होता. बायको शेजारी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टोपीला टाचत होती. ती सुई अशी खुपसत होती की जणू टोपीचाच काही अपराध असावा.

"निघेल ना?" तिनं विचारलं.

"पेटी जड लागते. मध आहे."

"आहे का हे मी विचारलंच नाही. निघेल का हे विचारलं."

"चौकट सरळ वर येते. मीच केलीय ना."

"तुम्हीच केलीय म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली. दोरा दातानं तोडला आणि टोपी त्याच्या पुढ्यात टाकली. "रोज सकाळी उठून आबांचं ऐकायचं, दुपारी तुमचं तोंड बघायचं. मला कंटाळा आलाय. मध काढा नाहीतर वखारीत जा, पण काहीतरी एक करा."

"वखारीत जा?" त्यानं मान वर केली. "तू म्हणतेस?"

ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर, माशा बाहेर पडल्यावर, जावयानं पहिल्या पेटीत धूर सोडला. अंगात दोन सदरे, डोक्यावर जाळीची टोपी, मनगटाला सुतळी बांधलेली. सासू दारात उभी होती. ती बाई बोलायची कमी. नवरा इतकं बोलल्यावर घरात तिच्या वाट्याला शब्द उरतच नसत. बायको पातेलं आणि सुरी घेऊन मागं उभी. मुकादम एक डोळा मिटलेला, खाटेवर, बरोबर समोर. तमाशाला पहिल्या रांगेत बसावं तसा.

झाकण काढलं. आतून उबदार, गोड वास आला आणि जावयाला एकदम बरं वाटलं. चौकटीच्या वरच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरून त्यानं उचललं.

चौकट हलली नाही.

पुन्हा जोर लावला. करकर आवाज झाला, पण चौकट तिथंच. त्यानं वाकून जाळीतून आत पाहिलं. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामधली सगळी जागा मेणानं भरली होती. भिंतीपासून चौकटीपर्यंत, चौकटीपासून चौकटीपर्यंत पोळ्यांचे आडवेतिडवे पूल. सगळी पेटी एकजीव झाली होती.

चूक कुठं झाली हे त्याला तिथंच कळलं. पेटी करताना फळबागेतल्या पेटीत चौकटीच्या बाजूची फट त्याला फारच बारीक वाटली होती. पावसात लाकूड फुगतं, फट कमी ठेवली की दार अडकतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून त्यानं दारं-खिडक्यांना सोडतो तशी ऐसपैस जागा सोडली. बागेतली पेटी करणाऱ्या सुताराला अक्कल नाही असंही तेव्हा मनात म्हणाला होता. बारीक फट माशा ये-जा करायला मोकळी ठेवतात. रुंद दिसली की त्यांना ती रिकामी जागा वाटते, आणि रिकामी जागा त्या ठेवत नाहीत. चौकट अडकू नये म्हणून त्यानं जी जागा सोडली, तिनंच चौकट अडकवली होती.

"काय झालं?" मुकादम म्हणाला. "घोडं कुठं अडलं?"

"चिकटलंय. थोडा वेळ लागेल."

"वेळ? तीन वर्षं दिली की वेळ."

जावयानं सुरी आत घातली. सुरी आखूड होती, कोपऱ्यात पोचत नव्हती, आणि उजव्या हाताची पकड मधानं निसटत होती. धूर विरळ झाला. माशांचा आवाज चढला. दोन डंख मनगटावर बसले, एक मानेवर.

"सरक." मुकादम उठला होता. कोपऱ्यातली पहार त्याच्या हातात होती. "खाणीत दहा माणसांचा दगड मी या पहारेनं उलटवलाय. तुझ्या लाकडाची काय कथा."

"आबा, नको! जाळी नाही तुमच्या तोंडावर. लांब व्हा!"

"मला शिकवतो?" त्यानं जावयाच्या छातीवर कोपर मारलं, पहारेचं टोक पट्टीखाली घातलं आणि सगळा भार टाकला.

पेटी मधोमध उकलली. वरची कोठी कलंडली, खालचीही तिच्याबरोबर गेली. पोळी तुटून मातीत पडली, मध वाहिला, त्यात पांढरी पिल्लं, त्यात चिरडलेल्या माशा. आणि मग उरलेल्या सगळ्या माशा वर आल्या.

मुकादम पहार टाकून मागं सरकला, खाटेला अडखळला आणि उताणा पडला. माशा त्याच्या तोंडावर, कानात, केसात. तो हात मारत होता आणि हात मारल्यानं आणखी येत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांवर चढवलेला आवाज आता बारीक होऊन घशातून येत होता.

जावई धुराचा डबा हातात घेऊन उभा राहिला. त्याला आनंद झाला. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही; त्याला असा आनंद झाला की तसा लग्नातही झाला नव्हता. चावा, तो मनात म्हणाला, अजून चावा.

"बघताय काय!" बायको किंचाळली. "मरतील ते!"

मग तो हलला. ओलं पोतं मुकादमावर टाकलं, काखेत हात घातले आणि ओढत ओढत त्याला घरात नेलं. सासूनं दार लावलं. तिनं नवऱ्याच्या तोंडावरचे काटे नखानं एकेक करून काढले, आणि काढता काढता जावयाकडं पाहिलं. तो किती वेळ नुसता उभा होता हे तिनं दारातून बघितलं होतं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

मुकादमाचं तोंड दुपारपर्यंत भोपळ्याएवढं झालं. ओठ फुटेस्तोवर सुजले. तरी त्यातून शब्द आलेच. "दुसरी पेटी... चुलीत..."

पहिली पेटी गेलीच होती. मातीतल्या मधाला मुंग्या लागल्या, वाचलेल्या माशा दिवसभर भिंतीला लोंबकळल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिसल्या नाहीत. जावई तुटलेल्या फळ्या हातात घेऊन बसला. स्वतःच्या हातच्या कामाचा त्याला इतका राग कधी आला नव्हता. मग तो उठला, हत्यारांच्या पिशवीतून बारीक पोलादी तार काढली, तिच्या दोन टोकांना लाकडाच्या मुठी ठोकल्या आणि बायकोपुढं उभा राहिला.

"एका बाजूनं धर. माझ्या उजव्या हातात मूठ टिकत नाही."

"मला चावल्या तर?"

"चावतीलच."

तिनं त्याच्याकडं जळजळीत पाहिलं, त्याचीच टोपी डोक्यावर चढवली आणि पदर खोचून निघाली. त्याच्या तोंडाला मग ओला पंचा उरला.

दुसरी पेटी त्यांनी अशी उघडली की घरात भांडं वाजलं नाही. आधी पुष्कळ धूर, मग झाकण, मग तार. तार भिंतीलगत खाली उतरवायची आणि दोघांनी आळीपाळीनं ओढायची. तो ओढी, मग ती ओढी. मेण सावकाश कापलं जाई. "हळू," तो म्हणे. "हळूच आहे," ती म्हणे. "तिरकी जातेय." "तुमचीच तिरकी जातेय." तिच्या अंगठ्यावर डंख बसला तेव्हा तिनं आईबाप काढले, त्याचे आणि माशांचेही, पण मूठ सोडली नाही.

पहिली चौकट वर आली. पोळं दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मेणानं बंद होतं, भरलेलं, जड. त्यानं पिसानं माशा झाडल्या. ज्या चौकटींवर मेणाची टोपणं होती तेवढ्याच काढल्या, उघडी घरं असलेल्या परत ठेवल्या, खालच्या कोठीला हातच लावला नाही. खोलीत दार लावून पोळी कापली आणि फडक्यातून गाळली. मोठी बरणी काठोकाठ भरली आणि वर एक तांब्या उरला. मध पातळ नव्हता, गढूळ नव्हता. बरणीतून पलीकडची खिडकी दिसत होती.

बायकोनं बोट बुडवून चाटलं.

"कसा आहे?" त्यानं विचारलं.

"गोड आहे. मध आहे, गोडच असणार," ती म्हणाली. पण दुसऱ्यांदा बोट बुडवलं.

बरणी त्यानं पुढच्या खोलीत फळीवर, मुकादमाच्या खाटेसमोर नेऊन ठेवली. मुकादमाचा एक डोळा थोडा उघडत होता. त्यानं बरणी पाहिली आणि भिंतीकडं तोंड केलं. जावयाला वाटलं, संपलं. जिंकलो. त्या दिवशी तो या घरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

पुढं दोन दिवस मुकादम भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी जावई उठून पुढच्या खोलीत आला तर फळी रिकामी होती, खाटही रिकामी. जरा वेळानं मुकादम बाहेरून आला. तोंड अजून सुजलेलं, पण अंगात धुतलेला सदरा. खाटेवर बसला आणि पाय लांब केले.

"काम झालं," तो म्हणाला. "सोमवारपासून जायचं. मालक इतके दिवस हूं की चूं करत नव्हता. आज बरणी पुढं ठेवली, त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि हो म्हणाला. करवतीवर ओंडके सरकवायचे. तेवढं तीन बोटांनी जमेल."

जावयाला आधी नीट समजलंच नाही. "बरणी? माझी बरणी?"

"माझ्या परसातली."

"आबा, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात. मध निघाला तर—"

"पेट्या राहतील म्हणालो होतो. राहू दे की. कोण नको म्हणतंय? पेटी इथं राहील, तू वखारीत जाशील. मी शब्दाचा पक्का आहे."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं काम थांबलं. सासू म्हणाली, "अहो, त्यांना विचारायचं तरी." मुकादमानं तिच्याकडं बघितलंही नाही.

जावई पायात चपला घालून बाहेर पडला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तिच्याच जोरावर तो चालत राहिला. वळणावर करवतीचा आवाज सुरू झाला आणि ती आग तिथंच विझली. परत फिरावं, असं वाटलं. मग फाटकातून आत गेला.

करवत एका ओंडक्यातून चालली होती. भुसा उडत होता. चालताना त्याचा उजवा हात आपोआप काखेत गेला, तो त्यानं राहू दिला. करवतीजवळच्या माणसानं मान वळवून पाहिलं आणि ओळखीचं काहीतरी म्हणाला; काय ते ऐकू आलं नाही. मालक कचेरीच्या पडवीत बसला होता. बरणी टेबलावर होती, झाकण बाजूला, आत चमचा.

"ये, ये," मालक म्हणाला. "मध झकास आहे. सोमवारी ये म्हटलं होतं, आजच आलास?"

"मी येणार नाही. हे सांगायला आलो. आणि बरणी माझी आहे. ती परत पाहिजे."

मालक आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हा थट्टा करत नाही. "दिलेली वस्तू परत मागतोस? लाज नाही वाटत?"

"मी दिली नव्हती."

"तुझ्या सासऱ्यानं दिली."

"त्यांची नव्हती."

मालकाची मान लाल झाली. "अरे, तुला कामावर घ्यायची मला काय हौस होती? म्हातारा सारखा पाय धरतो म्हणून दया आली. तुटक्या हाताचा माणूस कोण ठेवतो?" त्यानं चमचा काढला, चाटून पुसून घेतला आणि बरणी ढकलली. "उचल. पुन्हा या फाटकात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन."

जावयाला बरणीचं झाकण लावता येईना. दोनदा वेडंवाकडं बसलं, तिसऱ्यांदा बसलं. बरणी डाव्या कुशीत घट्ट धरून तो करवतीच्या शेजारूनच बाहेर आला, आणि वळणापलीकडं जाऊन ओकला. पण बरणी खाली ठेवली नाही.

घरी मुकादम परसात उभा होता. बातमी त्याच्या आधी पोचली होती. शेजारणीचं डोकं भिंतीवर होतंच.

"माझी अब्रू घालवलीस!" मुकादम गरजला. "त्याच्या दारात मी हात पसरला, तुझ्यासाठी! आणि तू भिकाऱ्यासारखा उष्टा मध परत आणलास?"

"मी हात पसरायला सांगितलं नव्हतं."

"निघ माझ्या घरातून. आत्ता! ती पेटीही उचल!"

"आत्ता उचलता येत नाही," जावई म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला. "माशा रानात गेल्यात. पेटी संध्याकाळी उचलतात, सगळ्या परत आल्यावर. तोवर थांबतो. मग जातो."

त्यानं बादली उपडी केली, पेटीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि तिच्यावर बसला. बरणी मांडीवर. मुकादम शिव्या देत राहिला. त्या सगळ्या जुन्याच होत्या. माशा जावयाच्या डोक्यावरून येत होत्या, जात होत्या, म्हणून मुकादम जवळ येत नव्हता.

बऱ्याच वेळानं मागच्या खोलीचं दार उघडलं. बायको अंथरुणाची वळकटी कमरेवर घेऊन आली आणि त्याच्या शेजारी धप्पकन टाकली. मुकादमानं तिला हाक मारली. पुन्हा मारली. तिनं वळून पाहिलं नाही. नवऱ्याकडंही पाहिलं नाही.

"कुठं जायचं ते ठरवलंय," तिनं पेटीकडं बघत विचारलं, "की या माशांनाच विचारायचं आहे?"

"नाही ठरवलं."

"मग ठरवा. संध्याकाळ व्हायला वेळ आहे," ती म्हणाली आणि वळकटीवर बसली.